राजीखुशीने

मागच्या वर्षी अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. नांदेडला मंगल कार्यालय घेतलं होतं, चारशे माणूस जेवून गेलं, लेकी-सुनांनी दिव्यांनी ओवाळलं. सगळं रीतसर. मला बोलायचंय ते मानपत्रातल्या एका वाक्याबद्दल. अण्णांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने ते खड्या आवाजात वाचलं: ज्यांच्या लेकींनी वडिलोपार्जित जमिनीतला गुंठाही न मागता, स्वतःहून भावासाठी हक्क सोडला, अशा संस्कारांचे शिल्पकार. टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं. मजकूर कुणी लिहिला हे आम्हा दोघींना विचारावं लागलं नाही. ‘ज्यांच्या’ने वाक्य सुरू करायची अण्णांची खोड शाळेपासूनची आहे.

मागचं थोडक्यात सांगते. आम्ही लोहा तालुक्यातले. अण्णा माध्यमिक शाळेत शिक्षक, नंतर मुख्याध्यापक, घर नांदेडला. मी 1992 साली लग्न होऊन लातूरला आले. भाऊ माझ्या पाठचा, बहीण सगळ्यांत धाकटी, ती परभणीला दिली. जमीन नांदेड-लातूर रस्त्याला लागून. कोरडवाहू, ज्वारी-कापूस, नंतर सोयाबीन. रस्त्याचा राष्ट्रीय महामार्ग 361 झाला, रुंदीकरणाची मोजणी आली, आणि ज्या रानाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं त्याचा भाव लोक गुंठ्यावर बोलू लागले.

2019 चा मे महिना. आदल्या रात्री आईचा फोन. ‘उद्या लोह्याला ये, सही करायचीय, अण्णांनी बोलावलंय. चांगली साडी नेस.’ कसली सही ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी लातूरहून एसटीने अहमदपूरवरून लोह्याला उतरले. बाकीचे नांदेडहून भाड्याच्या गाडीने आले. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती, जणू आम्ही माळेगावच्या जत्रेला निघालो होतो.

दुय्यम निबंधक कार्यालयासमोर दस्तलेखकाची टपरी. दोनशे रुपयांचा मुद्रांक, हक्कसोडपत्राचा मजकूर आधीच टाइप झालेला. आम्ही दोघी लिहून देणार, अण्णा आणि भाऊ लिहून घेणार. राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता. हे शब्द प्रत्येक दस्तात असतात, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. अण्णांनी तिथे उभं राहून आणखी एक ओळ घालायला लावली: वडिलांच्या संस्कारांना स्मरून. दस्तलेखक म्हणाला, ‘सर, कायद्याला याची गरज नाही.’ अण्णा म्हणाले, ‘कायद्याला नसेल, मला आहे.’

मग सर्व्हर डाऊन झाला. दोन तास सिमेंटच्या बाकावर बसलो, वर पंखा बंद. मी म्हटलं, ‘अण्णा, तोवर कागद वाचू का एकदा?’ बास, एवढंच. त्यात काही नव्हतं. खरंच नव्हतं, नुसता वेळ जात नव्हता. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या जेवणात काहीतरी कालवलंय. ‘माझ्यावर विश्वास नाही का गं तुझा?’ आणि उठून आवारातल्या लिंबाखाली जाऊन बसले, चपला काढून, पाठमोरे. भाऊ पाण्याची बाटली घेऊन मागे गेला. आई माझ्या कानाशी पुटपुटली, ‘कशाला बोलायलीस? त्यांची शुगर वाढंल.’ गाडीचा ड्रायव्हर, ज्याला मी तासाभरापूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं, त्याला अण्णा सांगत होते की पोटच्या लेकीने आज बापाचा कागद तपासायला मागितला.

वीस मिनिटांत चुलत्याचा फोन. मग मामाचा. मग ज्यांच्याशी वर्षभरात बोलणं नाही अशा एका मावशीचा. सगळ्यांचा प्रश्न एकच: अण्णांना काय बोललीस? म्हणजे बघा, दुपारी साडेबारापर्यंत जमीन माझी जाणार होती आणि पाऊण वाजता दुखावलेले अण्णा होते. मी समजूत काढायला गेले. समजूत कोणाची कोणी काढायची, हा प्रश्न तेव्हा सुचलाही नाही. ‘अण्णा, चुकलं, चला,’ असं म्हणून त्यांच्या चपला सरळ करून दिल्या. कागदावर मी न वाचता सही केली.

आत संगणकावरच्या मुलाने अंगठा घेतला, कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. ‘मावशी, हसू नका.’ साहेबांनी विचारलं, मर्जीने देताय ना? मी तोंड उघडायच्या आत मागून अण्णा म्हणाले, ‘विचारा की, माझ्या लेकी आहेत.’ साहेबांनी शिक्का मारला. बाहेर आल्यावर भावाच्या मोबाइलवर फोटो. एका डिझाइनच्या दोन साड्या आमच्या हातात, मध्ये अण्णा. ‘हसा की गं!’ तो फोटो संध्याकाळपर्यंत भावकीच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. परतताना ढाब्यावर जेवलो. अण्णांनी दोन हजाराची नोट काढली, ढाबेवाल्याकडे सुटे नव्हते, बहिणीने पैसे भरले. ‘आज लेकींनी जेवू घातलं,’ हे वाक्यही पुढे कित्येक वर्षं चाललं.

मला जमिनीचं काही नाही, असं मी सगळ्यांना सांगते. अगदी खरं बोलायचं तर तिचा भाव मला माहीत आहे. महामार्गाला लागून कोणाचा प्लॉट कितीला गेला हे एसटीतून जाता-येता कळतंच, आणि आमच्या बांधावरचं बाभळीचं झाड दिसलं की मी आजही खिडकीची बाजू बदलत नाही.

पण मानपत्रातलं ते वाक्य अण्णांचं नाही, हे मला फार उशिरा समजलं. 1987 साली आजोबा गेले. त्यांच्या हिश्श्यात लेकींना वाटा होता, 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेच दिलेला. माझ्या दोन्ही आत्यांनी तलाठ्यापुढे जबाब देऊन नावं कमी करून घेतली. घेतली म्हणजे काय, अण्णांनी गाडी करून त्यांना आणलं, परत पोचवलं. त्यानंतर अण्णा पारावर सांगायचे: माझ्या बहिणींनी स्वतःहून सोडलं, हे आमचं घराणं. ते मी कानांनी ऐकलंय, मी सतरा वर्षांची होते आणि मला अभिमान वाटला होता. मोठी आत्या एकदा बोलता बोलता म्हणाली की 1961 ला पणजोबा गेले तेव्हा आजोबांनी त्यांच्या बहिणींचे अंगठे घेतले होते, आणि चावडीवर हेच बोलले होते. स्वतःहून. घराणं. आत्या हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. घरात हुशार माणसं किती होऊन गेली, त्याचा दाखला देत होती.

कायदा बिचारा मध्ये मध्ये येऊन जातो. महाराष्ट्राने 1994 साली लेकींना जन्मतः समान हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे अकरा वर्षं माझ्या बहिणीला हक्क होता आणि मला नव्हता. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो फरक गेला. 2020 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की 2005 साली बाप हयात नसला तरी लेकीचा हक्क जात नाही. यातलं एक अक्षर आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही. ज्या घरात अण्णा रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे.

आता भावाची मुलगी. ती पुण्यात मानसशास्त्रात एमए करते. मानपत्राच्या कार्यक्रमानंतर ती मला म्हणाली, ‘आत्या, आजोबा क्लासिक नार्सिसिस्ट आहेत.’ मला इतका राग आला की माझं मलाच कळेना. आठवडाभर बहिणीशी फोनवर अण्णांबद्दल वाट्टेल ते बोलणारी मी, पोरीला म्हटलं, ‘आजोबांबद्दल असं बोलायचं नाही.’ दोन रील बघितल्या की सासू नार्सिसिस्ट, बॉस नार्सिसिस्ट, सोडून गेलेला पोरगा नार्सिसिस्ट. फ्रॉइडने 1914 साली यावर निबंध लिहिला, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी 1980 साली व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणून यादीत घातला, तो काय लोह्याच्या लिंबाखाली बसलेल्या माणसासाठी? निदान डॉक्टर करतो, नात नाही.

आणि किल्लारीचा भूकंप कोण विसरेल? 30 सप्टेंबर 1993, विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. मी लातूरला नव्या घरात, आम्ही अंथरुणातून तसेच रस्त्यावर आलो. अण्णा नांदेडहून विद्यार्थ्यांसोबत भाकरीचा ट्रक घेऊन निघाले, लातूरवरून पुढे गेले, किल्लारीला ढिगारे उपसले, तिथेच राहिले. मला भेटायला तिसऱ्या दिवशी आले. हाताला फोड होते. हे खरं आहे, मी ते हात धुतलेत. मग तीस वर्षं ती गोष्ट प्रत्येक लग्नात ऐकली, आणि दरवेळी तीत एक वाक्य असतंच: स्वतःची लेक लातुरात होती, पण मी आधी किल्लारीला गेलो. हजारो माणसं मेली त्या गोष्टीत माझं काम एवढंच, की मला ओलांडून अण्णा पुढे गेले. तरीही भाकरी खऱ्या होत्या. दोन्ही कसं धरायचं हे एमएच्या पुस्तकात असेल तर मला दाखव, असं मी पोरीला म्हटलं.

तिने एक अभ्यास पाठवला. एडी ब्रुमेलमन या डच संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेला. सात ते अकरा वर्षांची 565 मुलं आणि त्यांचे आईबाप, दर सहा महिन्यांनी प्रश्नावली. ज्या मुलांना आईबाप इतरांपेक्षा खास, वरचढ समजत, ती पुढे जास्त आत्मप्रौढ होत गेली. ज्यांना नुसती माया मिळाली, त्यांना स्वतःबद्दल बरं वाटायला लागलं, पण वरचढ नाही. ती मुलं नेदरलँड्सची, ठीक आहे. मी वाचता वाचता भावाचा विचार करत होते.

कारण आमच्यात खास तोच होता. चौथीतच अण्णा त्याची ओळख ‘हे आमचे इंजिनिअर’ अशी करून द्यायचे. बारावीच्या तयारीच्या लातूर पॅटर्नचं नाव तेव्हा गाजू लागलं होतं. अकरावीला त्याला लातूरला माझ्याकडे आणून ठेवलं. बोर्डात गणितात मार्क पडायचे तेवढे पडले नाहीत. अण्णा निकालाच्या दिवशी आले, माझ्या हातचा चहा घेतला, त्याच्याशी न बोलता गेले, आणि पुढचे कित्येक महिने बोलले नाहीत. तो डिप्लोमाला गेला, सरकारी नोकरीत लागला, तेव्हा पुन्हा ‘आमचे इंजिनिअर’. मधले महिने कुणी काढलेच नाहीत. आम्हा बहिणींना निदान कुणी खास समजलं नाही. आमचं वजन कमी, म्हणून पडलो तरी लागलं कमी. तो आज पन्नाशी ओलांडून गेला तरी मोटारसायकल घ्यायची तर अण्णांना विचारतो, आणि त्याच्या ऑफिसातली पोरं सांगतात की फाइलवर कुणी शंका काढली तर साहेब दोन दिवस अबोला धरतात. मला त्याची दया येते. मग सातबारा आठवतो आणि येत नाही.

बहीण दया-बिया मानत नाही. ती लातूरच्या वकिलाकडे माझ्यासोबत आली. दस्त रद्द करायचा दावा तीन वर्षांत लावायला हवा होता, मुदत केव्हाच गेली, असं वकील म्हणाले. ती म्हणाली, ‘मला रान नको. ते वाक्य खोटं आहे एवढी नोटीस पाठवा.’ वकील हसले. ती हसली नाही. ती फी भरायला तयार होती, मीच तिला उठवून आणलं, गंजगोलाईत नेऊन चहा पाजला. अण्णा एक्क्याऐंशीचे आहेत, म्हटलं. ती म्हणाली, आजोबापण झाले होते.

दिवाळीत भाची लातूरला दोन दिवस राहून गेली. मी तिला बसवून सांगितलं, एरवी सांगितलं नसतं. तुझ्याही पुढे एक दिवस कागद येईल. सही करायची तर कर, भाऊ तुझा आहे. पण आधी मागून घे, रात्रभर घरी ठेव, वाच. दस्त झालाच तर फेरफाराची नोटीस निघते, पंधरा दिवसांत तलाठ्याकडे हरकत घेता येते. हे सगळं तिने मोबाइलवर लिहून घेतलं, तिला सवय आहे टिपणं काढायची. आणि मग म्हणाली, ‘पण आत्या, पप्पा तसे नाहीत गं.’

नसतील, म्हटलं. पण तू वाचायला मागितलंस आणि ते उठून झाडाखाली जाऊन बसले, तर मागे जाऊ नकोस. आणि लोह्याला त्यांच्या गाडीने जाऊ नकोस. दर अर्ध्या तासाला एसटी आहे.