मुलांस शेतावर शिकवावें काय ?

मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला म्हणजे त्याच्या शिक्षणाचा प्रश्न एकट्या बापाचा राहत नाहीं; तो साऱ्या कुटुंबाचा होतो. आजीस त्याची प्रकृति दिसते, आईस त्याचे गुण, बापास खर्च, आणि काकांस शेजारच्या मुलाचे मार्क. आमच्या घरीं गेले सहा महिने असाच एक प्रश्न गाजत आहे. धाकट्या बंधूंच्या नातवानें नववींतून शाळा सोडावी, काटोलकडील शेतावर राहून हातानें काम करीत शिकावें व परीक्षा बाहेरून द्यावी, असें त्याच्या वडिलांच्या मनानें घेतलें आहे. मुलगाही राजी आहे. त्याची आई मात्र म्हणते, "कूळकायद्यांत जमीन गेली, उरली ती एवढीशी, तिच्या भरंवशावर मुलास ठेवावयाचें काय? आणि हल्लीं शेतकऱ्यास मुलगी तरी कोण देतो?" उभय पक्षांनीं आम्हांस, सारा जन्म शाळेंत घालविलेला मनुष्य म्हणून, पंच नेमलें आहे. आमच्या मतावर एका मुलाचीं तीन-चार वर्षें अवलंबून राहणार. तेव्हां तें देण्यापूर्वीं विषय नीट उलगडून पाहणें प्राप्त आहे.

शेतावरील शिक्षण ही नवी कल्पना नव्हे. छांदोग्योपनिषदांतील सत्यकाम जाबालास गुरूनें चारशें रोडक्या गाई दिल्या, आणि त्यांच्या हजार झाल्यावांचून परत येणार नाहीं असें म्हणून तो रानांत गेला. तेथें त्यास वृषभानें, अग्नीनें, हंसानें व मद्गु पक्ष्यानें ज्ञान दिलें. महाभारतांतील आरुणि गुरूच्या शेताचा बांध फुटला तेव्हां पाण्यास स्वतः आडवा पडला. ह्या कथा आमच्या घरांतून सर्वांस पाठ असतात. पण सत्यकामाच्या कथेचा शेवट सहसा कोणी सांगत नाहीं. परत आल्यावर त्यानें गुरूस स्पष्ट विनविलें कीं, आचार्यांकडून जाणलेली विद्याच नीट फळास येते. आणि गुरूनें त्यास तेंच ज्ञान पुन्हां, कांहींएक न गाळतां, सांगितलें. रान झालें तरी आचार्य सुटला नाहीं. नातवाच्या वडिलांनीं ही गोष्ट प्रथम ध्यानांत धरावी.

अलीकडच्या काळांत ह्या विचाराची जन्मभूमि आम्हां नागपूरकरांच्या अगदीं दाराशीं आहे. इ. स. १९३७ च्या ऑक्टोबरच्या २२ व २३ तारखांस वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. सात वर्षें मोफत व सक्तीचें शिक्षण, तें मातृभाषेंतून, आणि त्याच्या मध्यभागीं एखादा उत्पादक हस्तोद्योग, असे तिचे ठराव होते. डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या समितीनें त्यांवरून अभ्यासक्रम रचला. नागपूर तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. पं. रविशंकर शुक्ल ह्यांची विद्यामंदिर योजना त्याच सुमाराची. शाळेस जमीन मिळावी व तिच्या उत्पन्नांतून शिक्षकाचा योगक्षेम चालावा, ही तिच्यांतील कल्पना. सेवाग्रामास आर्यनायकम् व आशादेवी ह्या दांपत्यानें नई तालीमची शाळा वाढविली. पुढें स्वराज्य आलें, आणि ही पद्धति हळूहळू मावळली. कारण उघड होतें. सूत कातणारी शाळा खेड्यांतील मुलांसाठीं आणि इंग्रजीची शाळा साहेब होऊं इच्छिणारांसाठीं, अशी वांटणी लोकांनीं मनांत करून टाकली. आणि दुय्यम म्हणून ठरलेली वस्तु आपल्या मुलासाठीं कोण घेतो? तथापि बीज नष्ट झालें नाहीं. २००५ सालीं सेवाग्रामांतच आनंद निकेतन ह्या नांवानें ती शाळा पुन्हां सुरू झाली.

आतां शेत खरोखर शिकवितें काय, तें पाहूं. नातवाच्या वडिलांची संत्र्याची बाग आहे. तिचेंच उदाहरण घ्यावें. झाडें सहा-सहा मीटरांवर चौकोनांत लावावयाचीं तर हेक्टरी २७७ बसतात, हें त्रैराशिक झालें. कोपरा काटकोनांत आणण्यास दोरीच्या तीन, चार व पांच मापांचा त्रिकोण करावा लागतो. शुल्बसूत्रकारांनीं यज्ञवेदीसाठीं दोरीनेंच ही भूमिति सिद्ध केली होती. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, आणि तो जोड मातीपासून उंच ठेवावा लागतो, नाहींतर डिंक्या रोग बुंध्यास धरतो, हें वनस्पतिशास्त्र. हिंवाळ्यांत झाडाचें पाणी तोडून ताण दिला तर पुढें आंबिया बहार फुटतो. उन्हाळ्याच्या अखेरीस ताण बसला तर पावसाबरोबर मृगाचा. झाडास केव्हां तहानेलें ठेवावें हें ज्यास कळलें, त्यास संयमावर वेगळें व्याख्यान द्यावें लागत नाहीं.

बुंध्यास लावण्याचें बोर्डो मलम घरींच करतात. १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना निरनिराळ्या भांड्यांत भिजवून एकत्र करावयाचा. पाणी सारें मिळून १० लिटर. भांडें लोखंडाचें चालत नाहीं. मिश्रण जमलें कीं नाहीं हें पाहण्यास लखलखीत लोखंडी सुरी त्यांत बुडवावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असें समजून आणखी घालावा. लोखंड तांब्यास द्रावणांतून बाहेर काढतें, हें वाक्य पुस्तकांत वाचून मुलगा विसरतो. सुरीवर तांबें चढलेलें ज्यानें पाहिलें तो विसरत नाहीं. मात्र तें तसें कां होतें, हें सुरी सांगत नाहीं. तें सांगणारा मनुष्य जवळ असावा लागतो, आणि सारी अडचण येथेंच आहे.

हिचा कडू अनुभव खुद्द गांधींच्या घरानें घेतला. १९१० सालीं जोहान्सबर्गजवळ कॅलनबॅक ह्यांनीं दिलेल्या सुमारें ११०० एकर जमिनीवर टॉलस्टॉय फार्म उभा राहिला. तेथें मुलें खणणें, स्वयंपाक, सुतारकाम, चपला शिवणें शिकत व गांधी स्वतः त्यांस पढवीत. परंतु आपल्या पुत्रांच्या अक्षरज्ञानास हवा तितका वेळ देतां आला नाहीं, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार राहिली, हें त्यांनीं आत्मचरित्रांत स्वच्छ लिहिलें आहे. थोरले हरिलाल १९११ सालीं घर सोडून गेले, त्यांत शिक्षणाची खंत मोठी होती. बापाचें तत्त्व कितीही उदात्त असो, त्याची किंमत मुलगा देतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग बालपणीं सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेंत शिकले, आणि त्या शाळेविषयीं त्यांनीं मोठ्या कृतज्ञतेनें लिहिलें आहे. पण पुढें ते नागपुरास येऊन रीतसर वैद्यक शिकले, आणि मगच खेड्यांतील अर्भकांच्या मृत्यूवर त्यांनीं आपलें प्रसिद्ध काम केलें. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग ह्या शास्त्रज्ञानें १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापला. तेथें मुलें शेती, पशुपालन, बांधकाम, वीज, आरोग्य हे विषय गांवाचें खरें काम करून शिकतात. शिकविणारा जाणता असला म्हणजे हात व बुद्धि ह्यांत वैर उरत नाहीं.

कायद्याची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं आहे. नातवास पंधरावें चालू आहे. दहावीस बाहेरून बसण्यास मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचीही वाट आहे.

आम्हांस टोंचते ती गोष्ट निराळीच. त्या शेतावर जो सालदार आहे, त्याचा मुलगा नातवाच्याच वयाचा. तो रोज सायकलीनें शाळेंत जातो. "माझ्या पोराच्या हातीं वखर येऊं नये," एवढ्यासाठींच त्याचा बाप राबतो. आमच्या मुलास शेत म्हणजे शिक्षण, आणि त्याच्या मुलास शेत म्हणजे शिक्षण सुटणें! आमचा मुलगा कंटाळला तर परत फिरूं शकतो; त्याचा फिरूं शकत नाहीं. हा भेद डोळ्यांआड करून श्रमाच्या प्रतिष्ठेविषयीं बोलणें आम्हांस अप्रामाणिक वाटतें.

सबब आमचा निर्णय असा. नातवास दोन वर्षें शेतावर ठेवावें, पण पांच अटींवर. पहिली, सकाळचे दोन तास भाषा व गणित, आणि ते शिकविणारा ठरलेला मनुष्य असावा. सवड मिळेल तेव्हां बाप शिकवील, हें चालणार नाहीं. दुसरी, रोज रात्रीं त्यानें दिवसाची वही लिहावी : काय केलें, किती मापलें, काय कळलें नाहीं. तिसरी, अर्ज मुदतींत भरून दहावीची परीक्षा दिलीच पाहिजे. चौथी, सालदार हा त्याचा शेतांतील गुरु समजावा. त्याच्याशीं मुलानें अहोजाहो बोलावें, शिकविण्याच्या वेळेचा मोबदला मजुरीहून वेगळा द्यावा, आणि संध्याकाळच्या अभ्यासास त्याचा मुलगाही शेजारीं बसावा. पांचवी, ज्या दिवशीं नातू 'मला शाळेंत जावयाचें आहे' म्हणेल, त्या दिवशीं कोणी 'कां' म्हणून विचारूं नये.

वडिलांनीं चार अटी तत्काळ मान्य केल्या. चौथीपाशीं ते घुटमळले, आणि त्याच अटीसाठीं मुलाच्या आईनें आपला विरोध सोडला. आमच्या मतें ही अट पाळली जाईल तरच बाकीच्यांस अर्थ आहे. मृगापूर्वीं काय तें ठरावयाचें आहे.