हार्वेस्टर घेतोयस, तर एवढं ऐक

बाळा,

ऊसतोडणीच्या हार्वेस्टरसाठी बँकेत कागद दिलेस, असं दादा म्हणाला. घे. मुकादमाला उचल देऊन तोडणी मजुरांच्या टोळीची वाट बघण्यात दादाचा जन्म गेला. 2023 च्या योजनेत 40 टक्के, जास्तीत जास्त 35 लाख अनुदान ठेवलं होतं, तसं मिळालं तर तुझा हिशोबही बसेल.

पण यंत्र कुठल्या रानात जाणार ते बघ. त्याला साडेचार-पाच फुटांची सरी लागते, वळायला जागा लागते, ऊस उभा लागतो. म्हणजे सपाट, मोठी रानं यंत्राला. घोड-मीना नद्यांच्या काठचा लोळलेला ऊस, ओली रानं आणि अर्ध्या एकराचे तुकडे कोयत्यानं तोडणाऱ्या मजुरांना. मजुरी मात्र टनावर. जानेवारी 2024 मध्ये ती 273 वरून 366 रुपये झाली, पण उभ्या उसात नवरा-बायको दिवसाला दोनेक टन तोडतात, गुंतलेल्या उसात टनभर होताना मारामार. मग उचल फिटत नाही, पुढच्या सालावर चढते. कोणाचं काम गेलं अशी नोंद कुठंच होणार नाही. माणसं कर्ज डोक्यावर घेऊन गावी, बीडला परततील.

उसाच्या शेंड्यांचं, वाढ्यांचंही तेच. संध्याकाळी रस्त्याकडेला टोळीतल्या बाया वाढ्यांच्या पेंढ्या विकतात, त्यावर त्यांचं मीठ-मिरची निघतं आणि आपल्या गोठ्याला हिरवा चारा मिळतो. यंत्र वाढे छाटून रानातच भिरकावतं.

आणखी एक. तोडताना वाकलेल्या बाईला सरीत बिबट्याचे बछडे दिसतात. तोड थांबते, वनखात्याची माणसं येतात, अंधार पडल्यावर पिल्लं त्याच रानात आईसाठी ठेवतात. यंत्राच्या केबिनमधून ती दिसतील का, याची मला धास्ती वाटते. बिबट्या ओळखून भोंगा वाजवणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे आपल्या भागात बसू लागलेत, ते हवेतच. पण आधी मजुरांच्या कोप्यांपाशी हवेत, तिथं लेकरं उघड्यावर निजतात.

तू साखर कारखान्याचा सभासद आहेस. यंदाच्या सर्वसाधारण सभेत उभा राहा आणि लोळलेल्या उसाच्या तोडणीला टनामागं वाढीव दर माग. यंत्रावर ड्रायव्हर ठेवशील तो आपल्याकडं येणाऱ्या टोळीतलाच पोरगा असू दे. पहिला हंगाम त्याला शेजारी बसवून शिकव, आणि पगार महिन्याच्या महिन्याला दे.

तुझी आत्या,
नारायणगाव