‘तो काही करत नाही हो!’

या पानावर स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासू-सुनेचे जमणे यांवर पुष्कळ लिहिले जाते. मी आज कुत्र्यावर लिहिते आहे. भगिनींनो, हसू नका. आपल्या वस्त्यांत आता मोठी कुत्री आली आहेत. त्यांच्यापायी शेजार तुटतो, भांडणे ठाण्यापर्यंत जातात, म्हाताऱ्या माणसांची हाडे मोडतात. म्हणजे हा घरचाच विषय झाला.

आमच्या लहानपणी दारात एखादे गावठी कुत्रे असे. उरलीसुरली भाकरी खाई, रात्री भुंके, दिवसा उकिरड्याजवळ झोपे. ते अंगावर उडाले तरी माणूस पडत नसे. आज आमच्या चिखलीसारख्या तालुक्याच्या गावात लॅब्राडोर दिसतो, जर्मन शेफर्ड दिसतो, उंच सडपातळ कारवान कुत्रेही कोणी कोणी आणते. पोरे पुण्या-मुंबईला कामाला जातात आणि तिकडून पिल्लू आणतात. पिल्लू असते तेव्हा मांडीवर मावते. वर्षभरात ते घरच्या बाईला फरफटत नेण्याइतके होते.

आमच्याकडेही असेच आले. थोरला मुलगा चाकणला कंपनीत आहे. त्याला सोबतच्या एकाने पिल्लू दिले, खोलीमालकाने ठेवू दिले नाही, आणि दिवाळीच्या सुटीत हा आठ महिन्यांचा लॅब्राडोर घेऊन दारात उभा! नाव रॉकी. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचा रॉक्या केला. आमचे हे बाजार समितीत हमालीला होते, त्यांनी ओळखीच्या दुकानात नेऊन काट्यावर तोलला. सत्तावीस किलो. मी चव्वेचाळीस. सुटी संपली, मुलगा गेला, दोरी माझ्या हातात राहिली.

त्या आधीच्या वर्षी आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक प्रकार घडला होता. एका घरचा काळा दांडगा कुत्रा संध्याकाळी मोकळा सोडलेला असे. स्वभावाने प्रेमळच. कोणी दिसले की धावत येई आणि पुढचे दोन्ही पाय माणसाच्या छातीवर ठेवी. एका म्हातारीच्या अंगावर तो असाच आनंदाने उडाला. ती पाठीवर पडली, खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले. ती बाई आजही काठीशिवाय उंबरा ओलांडत नाही. आणि कुत्र्याचा मालक काय म्हणाला? “चावला तर नाही ना? तो काही करत नाही हो.”

हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. पट्टा हातात नसलेला माणूस लांबून ओरडून ते सांगतो. कुत्रा आपल्याकडे झेपावत असतो आणि मालक आपल्याला त्याच्या स्वभावाचे प्रमाणपत्र वाचून दाखवत असतो! अहो, तो काही करत नाही हे तुम्हाला ठाऊक. मला कसे ठाऊक असणार? माझ्या कडेवर लेकरू आहे, डोक्यावर ओझे आहे. मी घाबरायचे की नाही हे तुम्ही कोण ठरवणार?

मला ही भीती आतून माहीत आहे. मी आठ-नऊ वर्षांची असताना आईबरोबर कापूस वेचायला जात असे. आठवड्याची मजुरी मागायला मालकाच्या वाड्यावर जावे लागे. दारात दोन कुत्री मोकळी असत. आई लांबूनच हाक देई, “कुत्रे बांधले काय जी?” मालक ओट्यावर बसलेला असे. त्याने एक शब्द टाकला असता तर कुत्री थांबली असती, कारण ती त्याचे ऐकत. पण तो शब्द लगेच येत नसे. आम्ही चार पावले मागे सरकायचो, मी आईच्या लुगड्यात शिरायची, ओट्यावरचे लोक हसायचे, आणि मग तो कुत्र्यांना बोलवायचा. कुत्र्यांचा मला राग कधी आला नाही.

रॉक्या आल्यावर चार-सहा दिवसांत कचरा वेचणारी एक बाई गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि तिने हाक दिली, “माय वं, कुत्रं बांधलं काय?” तो दारात बांधलेलाच होता. तरी त्या हाकेने माझ्या पोटात कसेसेच झाले. आतापर्यंत आपण कुत्र्याच्या त्या बाजूला उभे असायचो. आता दोरीच्या या टोकाला आलो आहोत. मी त्याच दिवशी ठरवले की या जनावराला शिकवायचे, नाहीतर मुलाला परत न्यायला लावायचे.

कुत्र्याची आवड ही काही वाडेवाल्यांचीच मिरास नाही, हेही सांगते. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहावर काढलेला बाबासाहेबांचा कुटुंबाबरोबरचा फोटो तुम्ही पाहिला असेल. रमाई आहेत, यशवंतराव आहेत, पुतण्या मुकुंदराव आहेत, आणि टॉबी नावाचा बाबासाहेबांचा लाडका कुत्राही आहे.

आता शिकवण्याचे. कुत्रा पुढे ओढतो तेव्हा आपण त्याला मागे ओढतो, आणि इथेच सगळे बिघडते. ताणलेल्या दोरीवर जनावर उलट जोर लावते, हे बैल हाकणाऱ्याला सांगावे लागत नाही. मला एका मेंढपाळाने जे सांगितले तेच पुढे मुलाने फोनवर कोणाचे तरी व्हिडिओ पाहून सांगितले. कुत्र्याने ओढले की आपण खांबासारखे उभे राहायचे. बोलायचे नाही, झटका द्यायचा नाही. दोरी सैल पडली की चालू लागायचे. सैल दोरीने रस्ता पुढे जातो आणि ताणलेल्या दोरीने थांबतो, एवढेच त्याला कळले पाहिजे. पहिल्या दिवशी आमच्या दारापासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायला मला पाऊण तास लागला. लोक बघत होते. एक जण म्हणाला, “मावशी, कुत्रं बंद पडलं काय?” पंधरा दिवसांनी तेच अंतर आठ मिनिटांवर आले.

तो आपल्या बाजूने नीट चालला की लगेच काहीतरी द्यावे. विकतची बिस्किटे लागत नाहीत. भाकरीचा तुकडा, उकडलेल्या अंड्याचा बारीक कण पुरतो. पण त्याच घडीला दिला पाहिजे. घरी आल्यावर दिला तर तो कशाचा, हे त्याला कळत नाही.

अंगावर उडी मारण्याची सवय जास्त चिवट असते, कारण ती आपणच लावलेली असते. पिल्लू उड्या मारते तेव्हा आपण त्याला उचलतो, लाड करतो. मोठे झाल्यावर तेच केले की ओरडतो. कुत्र्याला ओरडणेही लाडच वाटतो, माणूस आपल्याकडे बघतो आहे ना! म्हणून उडी मारली की पाठ फिरवायची, हात छातीशी घ्यायचे, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. चारही पाय जमिनीला लागले की कुरवाळायचे. हे घरातल्या प्रत्येकाने पाळावे लागते. आमच्याकडे धाकटा पोरगा पाळत नव्हता, त्यामुळे महिनाभर जास्त लागला.

मारू मात्र नये. काठीच्या भीतीने कुत्रे दबते, पण ज्याला भीती बसली तेच कुत्रे एक दिवस उलटून चावते. गळ्याला आवळणाऱ्या साखळीपेक्षा छातीवरून जाणारा रुंद पट्टा बरा, त्यातही ज्याची कडी छातीपाशी पुढे असते तो. ओढले की कुत्रे आपोआप आपल्याकडे वळते आणि माझ्यासारख्या बारीक बाईलाही ते सांभाळता येते. आणि दोरी मनगटाला गुंडाळू नका. कुत्र्याने हिसका दिला तर आधी मनगट जाईल.

डवरणीच्या वेळी बैलाने पीक खाऊ नये म्हणून आपण त्याला मुसके घालतो, त्यात कोणाला क्रूरपणा वाटत नाही. तसे दवाखान्यात नेताना, गर्दीतून नेताना कुत्र्यालाही घालावे. पण ते जाळीचे आणि सैल असावे, आत तोंड उघडता आले पाहिजे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करते. कापडी पट्टीने तोंड गच्च बांधले तर उन्हात जीव जाईल. आम्ही घाटावरचे, आमच्याकडे त्यातल्या त्यात बरे, पण घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे मे महिन्यात डांबरी रस्ता किती तापतो हे तिकडच्या भगिनींना ठाऊक आहे. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पायही ठेवू नयेत. फिरवणे सूर्य उगवण्याआधी आणि मावळल्यावर. त्या वेळी रस्त्यावर मुलेही कमी असतात.

फिरवणे मात्र चुकवू नये. दिवसभर साखळीला बांधलेले कुत्रे संध्याकाळी सुटले की भुतासारखे धावते, आणि लोक म्हणतात जातच वांड आहे. कायमच्या बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर ती क्रूरता ठरते, असे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्येच आहे. आणि दुसऱ्या बाजूला, आपल्या जनावरापासून माणसाला धोका होईल अशी हयगय केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड विधानाचे कलम २८९ होते, तेव्हा दंड हजाराचा होता. ही माहिती भांडणासाठी नव्हे, पण त्या म्हातारीच्या मुलाला ती असती तर ऑपरेशनच्या खर्चाचे बोलणे वेगळे झाले असते असे मला वाटते.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जातींवर बंदी घालायला सांगितले होते. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्या यादीत लॅब्राडोर नव्हता. पण म्हातारीला पाडायला यादीतली जात कशाला लागते?

पाळलेले असो की गल्लीतले, दात किंवा नख लागून कातडी खरचटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. बरे वाटते म्हणून मधली सुई चुकवू नका. जखम खोल असेल तर जखमेभोवती द्यायचे वेगळे औषधही असते, ते विचारून घ्या. रेबीज एकदा उमटला की उपाय नाही. आपल्या कुत्र्याला दरवर्षी लस आणि तिचे कार्ड घरात जपून, हे तर हवेच.

शेजारधर्माच्या काही गोष्टी कायद्यात नसतात. आमच्या गल्लीच्या पुढे मुस्लिम घरे आहेत. नमाजाला निघालेल्या माणसाच्या कपड्याला कुत्र्याची लाळ लागली तर त्याला पुन्हा धुणे आले. म्हणून त्या वेळी मी रॉक्याला त्या बाजूने नेत नाही. समोरून लेकराची आई आली तर मीच रस्ता ओलांडून पलीकडे जाते, तिला सांगत नाही की तो काही करत नाही. अंगणवाडी सुटायच्या वेळी दार लावलेले असते. त्याची घाण उचलायला मी जुना कागद आणि पिशवी नेते. आमच्या ह्यांना आधी लाज वाटायची, आता तेही उचलतात.

आणि जयंतीच्या मिरवणुकीत कुत्रे आणू नका हो! दरवर्षी कोणीतरी निळा रुमाल बांधून आणतोच. लोक फोटो काढतात, पण डीजेच्या भिंतीपुढे त्या जनावराची शेपटी पोटाखाली गेलेली असते ती कोणी पाहत नाही. माणसाला छातीत धडधडते तिथे कुत्र्याच्या कानाचे काय होत असेल? घाबरून तो सुटला तर हजारोंच्या गर्दीत बायका-मुले आहेत. रॉक्या १४ एप्रिलला मागच्या खोलीत पंख्याखाली असतो, सोबत एक चघळायचे हाडूक.

आता तो तीन वर्षांचा आहे. वजन तेहतीस किलो. दार उघडले तरी मी ‘चल’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. कोणी भेटले की बसतो, नुसती शेपटी झाडून धूळ उडवतो. ती कचरा वेचणारी बाई आता दारापर्यंत येते. अजून हात लावत नाही, आणि मी लाव म्हणतही नाही. फक्त बकऱ्यांचे काही जमलेले नाही. बकरी दिसली की शिकवलेले सगळे विसरतो आणि मला ओढत नेतो. म्हणून संध्याकाळी कळप परतायच्या वेळी आम्ही मेहकर फाट्याकडचा रस्ता सोडून मागच्या शाळेच्या भिंतीकडेने फिरून येतो.