माज कोणी पाहिला

प्रवरेच्या खोऱ्यातील एका वाडीवर, वैशाखातल्या एका बुधवारी सकाळी, गीर गाईचे गोठविलेले भ्रूण घेऊन मी गेलो, तेव्हा माझे सारे चित्त उणे 196 अंशांच्या द्रवरूप नत्रात ठेवलेल्या त्या कांड्यांवरच खिळले होते. आणि ज्या संकरित कालवडीच्या उदरी त्यांतला एक भ्रूण वाढावयाचा होता, तिची चौकशी मी एका प्रश्नात उरकली. "मागच्या बुधवारी सकाळी माजावर होती," ही घरधन्याची जबानी मी रोजनाम्यात टिपून घेतली. गोठ्याच्या दाराशी शेणाची पाटी घेऊन उभी असलेली त्याची पत्नी काही सांगू पाहत होती. तिकडे मी लक्ष दिले नाही.

उजव्या बीजांडकोशावरचा पीतपिंड, म्हणजे माजानंतर तयार होणारी व गर्भ टिकवणारी गाठ, हाताला इतका भरीव लागला की माझी खातरजमा झाली, आणि ग्रीवेतून विनासायास पार गेलेल्या नळीने गर्भाशयाच्या त्याच बाजूच्या शिंगात मी भ्रूण ठेवला. चौदाव्या दिवसाच्या आतच, सोमवारी सायंकाळी, कालवड उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली.

तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "साहेब, ती सोमवारी संध्याकाळीच माजावर होती. दुसरी गाय अंगावर चढली तरी हलत नव्हती. बुधवारी ह्यांनी शेपटीला रक्त बघितलं, तोच माज धरला."

रक्त हे माज ओसरल्याचे चिन्ह. ते पुष्कळ कालवडींत एक-दोन दिवसांनी दिसते. म्हणजे सात दिवसांचा भ्रूण साडेआठ दिवसांच्या गर्भाशयात मी नेऊन ठेवला होता. साधारण एका दिवसाची तफावत गर्भाशय सोसते, दीड दिवसाची बहुधा नाही. कारण सोळाव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणाला एका प्रथिनाच्या द्वारे आपल्या अस्तित्वाची वर्दी मातेला द्यावी लागते, आणि ती मुदत टळली की गर्भाशय स्वतःच पीतपिंड विरघळवून टाकते. वैशाखातल्या उष्म्याचाही त्यात हात असेल, आणि निर्दोष जुळणीतही सगळे भ्रूण टिकतात असे मुळीच नाही. तथापि या प्रकरणातला माझा कसूर मला स्पष्ट दिसत होता. 1951 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे पहिले प्रत्यारोपित वासरू जन्मले, त्यानंतर भ्रूण गोठविण्याची विद्या केवढी तरी पुढे गेली. परंतु पहाटे-सायंकाळी गोठ्यात उभे राहून माज पाहणाऱ्या डोळ्यांवाचून ती विद्या पांगळी आहे, असे मला त्या दिवशी मनापासून वाटले.

कार्तिकात, कालवडीच्या अंगावर चांगले मांस धरल्यावर, मी पुन्हा गेलो. या खेपेस तारीख व वेळ बाईंकडूनच घेतली, आणि रोजनाम्यात 'माज कोणी पाहिला' असा एक नवा रकाना हाताने आखला. पीतपिंड मागच्याहून लहान, पण स्पष्ट होता. तो डाव्या बाजूस होता, म्हणून भ्रूणही डाव्या शिंगात ठेवला.

दोन महिन्यांनी तपासणीस गेलो, तर हात घालण्यापूर्वीच बाई म्हणाल्या, "तीन आठवडं भरलं तेव्हा चार रात्री गोठ्यातच निजले, साहेब. ओरडली नाही की सोट टाकला नाही." डावे शिंग उजव्याहून मोठे व पाण्याने भरलेले लागले. घरधनी उत्सुकतेने माझ्याकडे पाहत होता. मी मात्र हात धुण्याआधीच बाईंकडे वळून "गाभण आहे" असे सांगितले, आणि त्यांनी पाटी खाली ठेवून कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला.