उत्तर सापडते, अर्थ नाही

आम्ही मराठीचे अध्यापक. इंग्रजीच्या तासांशी आमचा थेट संबंध नाही. परंतु इंग्रजीच्या पेपराला भ्यालेला विद्यार्थी आमच्याही वर्गात बसतो. किनवटसारख्या ठिकाणी शिकवताना एक विसंगती वारंवार जाणवते. निबंधाची, व्याकरणाची धास्ती घेणारा हा विद्यार्थी उताऱ्याला मात्र भीत नाही. 'उतारा सोपा असतो सर, उत्तर त्यातच असतं,' असे तो निर्धास्तपणे सांगतो.

त्याची रीत ठरलेली आहे. आधी प्रश्न वाचायचा, त्यातला ठळक शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य जसेच्या तसे उतरवायचे. हे मराठीतही करून पाहता येईल. 'मोळक्या गडपाने सुपट निथवली.' सुपट कोणी निथवली? मोळक्या गडपाने! गुण पूर्ण, अर्थ शून्य. 'का निथवली असावी?' असे विचारले की मात्र लेखणी थांबते. याला आळस म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. परीक्षा काय मागते, हे त्याने अचूक ओळखले आहे, इतकेच.

या प्रश्नाला येथे आणखी एक पदर आहे. पैनगंगेकाठच्या या सीमावर्ती मुलखात कोणाच्या घरी गोंडी, कोणाच्या घरी कोलामी, तांड्यावर गोरमाटी. बाजारात तेलुगूही कानी पडते. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हा यांतील कित्येक मुलांना मराठीही अजून शिकायचीच होती. तरी हीच मुले आठवडी बाजारात बोलणाऱ्याचा रोख हेरतात, न बोललेलेही ओळखतात. अर्थ लावण्याची शक्ती त्यांच्यापाशी आहेच; छापील मजकुरालाही ती लावायची असते, एवढेच त्यांना कोणी पटवून दिलेले नाही.

ही सवय इंग्रजीपुरती थांबत नाही. मराठी कथा वाचतानाही 'यावर प्रश्न कोणता येईल?' हीच पृच्छा असते. उद्या हातात बँकेचा करारनामा येईल, २००६ च्या कायद्याखालील वनहक्काच्या दाव्यावरचा निर्णय येईल. त्या कागदांखाली प्रश्न छापलेले नसतात. ते वाचणाऱ्यालाच पडावे लागतात.

म्हणून उताऱ्यावर प्रश्न मुलांनीच काढावेत, आशय आधी घरच्या भाषेत सांगावा आणि मगच इंग्रजीकडे वळावे, असे आम्हांस वाटते. यात वेळ जाईल, अभ्यासक्रम रेंगाळेल. परंतु आकलन हे एकट्या इंग्रजी विभागाचे ओझे नव्हे. त्यातला निम्मा वाटा आमचा, मराठीवाल्यांचा आहे.