सदू शिंदे : सात कसोट्या

२ नोव्हेंबर १९५१ रोजी दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यातील कसोटी सुरू झाली. सदाशिव शिंदे या अठ्ठावीस वर्षांच्या लेगस्पिन गोलंदाजाने ९१ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव २०३ धावांवर आटोपला. विजय मर्चंट १५४ आणि विजय हजारे नाबाद १६४ यांच्या बळावर भारताने ४१८ धावा उभारल्या. अद्याप एकही कसोटी न जिंकलेल्या देशाला विजय समोर दिसू लागला होता.

तो मिळाला नाही. दुसऱ्या डावात शिंद्यांनी ७३ षटके टाकली. त्यांच्या गोलंदाजीवर झेल उडत राहिले आणि सुटत राहिले. वॉटकिन्स नाबाद १३७ धावा करून शेवटपर्यंत उभा राहिला आणि सामना अनिर्णित सुटला. शिंद्यांच्या नावापुढे १६२ धावांत २ बळी एवढीच नोंद राहिली. धावफलक टिपलेला झेल गोलंदाजाच्या खाती लिहितो; सुटलेल्या झेलासाठी मात्र त्यात रकानाच नसतो. वेगवान गोलंदाज यष्ट्या उडवून आपला निकाल आपणच लावू शकतो. लेगस्पिनरची कला फलंदाजाला चकवून चेंडू हवेत उडवायला लावण्यापर्यंतची. पुढचे सारे इतरांच्या हाती.

पुढे फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. विनू मंकड त्याचे नायक ठरले, आणि ते सर्वस्वी योग्यच होते. त्या अकरा जणांत शिंदे नव्हते. दिल्लीचे झेल हाती राहिले असते, तर हा मान तीन महिने आधीच वेगळ्या नावाने लिहिला गेला असता, असे म्हणण्यास जागा आहे.

चिकाटी हा त्यांचा मूळ गुण. १९४३-४४ च्या मोसमात मर्चंट यांनी मुंबईकडून नाबाद ३५९ धावा केल्या, त्याच डावात महाराष्ट्राच्या या विशीतल्या मुलाने ७५.५ षटके टाकून १८६ धावांत पाच बळी मिळवले होते. मर्चंटांचा विक्रम सर्वांच्या ओठी आहे. ती षटके कोणाच्या लक्षात आहेत? १९४६ साली लॉर्ड्सवर पदार्पण करताना अखेरच्या जोडीत त्यांनी रूसी मोदींना साथ देऊन ४३ धावा जोडल्या. फलंदाजी हे त्यांचे क्षेत्र नव्हे, तरी तेथेही प्रकृती तीच.

महाराष्ट्र, मुंबई आणि बडोदा या तीन संघांकडून ते खेळले. क्रिकेटवर घर चालावे असा तो काळ नव्हता. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सवरच त्यांची सातवी आणि अखेरची कसोटी झाली. सात सामन्यांत बारा बळी, त्यांपैकी आठ एकट्या दिल्लीचे. सरासरी साठच्या घरात. केवळ हे आकडे पाहणारा अभ्यासक त्यांना सामान्य ठरवून पान उलटेल, आणि आकड्यांपुरते पाहता त्याचे चुकणारही नाही.

२२ जून १९५५ रोजी मुंबईत विषमज्वराने त्यांचे निधन झाले. वय अवघे एकतीस. नऊ वर्षांपूर्वी याच तारखेला लॉर्ड्सवर त्यांची पहिली कसोटी सुरू झाली होती. मागे पत्नी आणि लहान मुली राहिल्या. त्यांतील प्रतिभा यांचा विवाह पुढे शरद पवार यांच्याशी झाला, आणि भारतीय व आंतरराष्ट्रीय क्रिकेट संघटनांचे अध्यक्षपद भूषविलेल्या जावयाच्या नात्याने सासऱ्यांचे नाव आज अधूनमधून छापून येते. त्या मजकुरात दिल्लीचे सहा बळी असतात. ती ७३ षटके बहुधा नसतात.