वाड्याचा एकच पत्ता

इंटरनेटवर येणाऱ्या यंत्राला पत्ता लागतो. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत असे पत्ते जेमतेम ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. गंमत म्हणजे तोडगा आधीच तयार होता. आयपीव्ही६ चा पहिला आराखडा १९९५ सालचा! त्यातल्या पत्त्यांची संख्या लिहायला ३९ आकडे लागतात.

मग घरोघरी इंटरनेट देणारे काय करतात? बरेचजण एकच जुना पत्ता अनेक घरांत वाटतात. पूर्वी अख्ख्या वाड्याला एकच घरनंबर असायचा, तसं. आपण पत्र धाडलं तर उत्तर बरोबर येतं, कारण दारात नोंद ठेवलेली असते. पण बाहेरून कुणी आपणहून धाडलं, तर ते कुठल्या बिऱ्हाडाचं हे कळत नाही. ते दारातच राहतं.

ह्यांच्या आवाजातल्या जुन्या कॅसेट नातवाने घरच्या संगणकावर उतरवल्या. परदेशातल्या लेकीला त्या थेट ऐकता येईनात. कंपनी म्हणाली, "वेगळा पत्ता हवा तर दरमहा जादा पैसे भरा. आयपीव्ही६ अजून सुरू नाही."

२०१६ मध्ये जिओने मोबाइलवर ते सुरुवातीपासून दिलं. म्हणजे जमतं की! पण जुन्यावर भागतंय, गिऱ्हाईक कुरकुरत नाही, तर राउटर बदलायचा खर्च कोण करणार?

म्हणून म्हणते, कुरकुर करू या. तुमच्या कंपनीला एकदा विचाराच. आपल्या घरी बाहेरच्याला थेट येता यावं, एवढंच तर मागणं आहे.